कोलकात्याचे रेशनकार्ड: महागाईत सरकारी मदत कुणापर्यंत पोहोचते?

३१ जानेवारी १९४४ रोजी कलकत्त्यात शिधावाटप सुरू झाले. प्रत्येक कुटुंबाला कार्ड, प्रत्येक कार्डाला ठरलेले दुकान, आणि प्रत्येक माणशी ठरलेल्या भावात ठरलेले धान्य अशी ही व्यवस्था होती. शहरासाठी ती मोठी सोय ठरली. पण ती आली तेव्हा बंगालच्या दुष्काळाचे सर्वांत भीषण महिने उलटून गेले होते आणि लाखो माणसे मरण पावली होती. मेलेल्यांत बहुतेक जण खेड्यांतले होते. शहरातला गिरणीकामगार आणि कचेरीतला कारकून मात्र त्या काळातही तगून राहिले, कारण त्यांना रेशनकार्ड येण्यापूर्वीच मालकाच्या दुकानातून स्वस्त तांदूळ मिळत होता.

महागाईच्या काळात सरकारने कुटुंबांना मदत करावी, यावर आज कुणाचे फारसे दुमत नसते. वाद असतो तो मदत कुणाला, कशाच्या रूपात आणि कुणाच्या खर्चाने द्यायची याविषयी. या टिपणात आपण हा प्रश्न एका शहराच्या आधाराने अभ्यासणार आहोत. १९४२ पासून २०२४ पर्यंत कोलकात्यात मदतीची रूपे अनेकदा बदलली. मध्येमध्ये आपण मुंबईकडेही पाहू, म्हणजे तुलना करता येईल. (शहराचे अधिकृत नाव २००१ मध्ये ‘कोलकाता’ झाले. त्यापूर्वीच्या घटनांसाठी येथे ‘कलकत्ता’ हेच नाव वापरले आहे.)

१. आधी काही मूलभूत गोष्टी

महागाई म्हणजे नुसती भाववाढ नव्हे. तांदळाचा भाव दुप्पट झाला आणि मजुरीही दुप्पट झाली, तर कुटुंबाच्या ताटात फरक पडत नाही. भाव दुप्पट झाला आणि मजुरी तेवढीच राहिली, तर ताट अर्धे होते. म्हणून कोणत्याही काळातली महागाई समजून घ्यायची असेल, तर भाव आणि उत्पन्न या दोन्ही आकड्यांकडे एकत्र पाहावे लागते.

हे मोजण्याची पद्धत भारतात कामगारांच्या प्रश्नातून आली. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कचेरी स्थापन केली आणि तिने मुंबईतील कामगारवर्गाचा राहणीखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध करायला सुरुवात केली. कामगाराचे कुटुंब महिन्याला साधारण काय काय विकत घेते, त्याची एक यादी करायची. धान्य, डाळ, तेल, कपडा, जळण, भाडे. त्या यादीचा आधारवर्षातला खर्च १०० धरायचा आणि पुढे दर महिन्याला तीच यादी घेण्यासाठी किती लागतात ते पाहायचे. आजचा ग्राहक किंमत निर्देशांक याच कल्पनेवर उभा आहे. या आकड्यामुळे कामगारांच्या हाती मागणीचा आधार आला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर भाव चढू लागले, तेव्हा रेल्वे कामगारांच्या महागाई भत्त्याचा प्रश्न १९४० मध्ये बी. एन. राव यांच्या चौकशी न्यायालयापुढे गेला. पगाराला निर्देशांकाची जोड देण्याची पद्धत याच काळात रुजत गेली.

सरकारी मदतीचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात:

अ) भाव बांधून देणे. वस्तूची किंमत अमुक रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही, असा हुकूम काढणे.
आ) शिधा देणे. ठरलेल्या भावात ठरलेले धान्य कार्डावर पुरवणे.
इ) उत्पन्न वाढवणे. महागाई भत्ता किंवा थेट रोख रक्कम.
ई) काम देणे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना हे याचे सर्वांत परिचित उदाहरण.

यांतला कोणताही प्रकार तपासताना तीन प्रश्न विचारावेत. मदतीच्या रेषेच्या आत कोण आहे आणि बाहेर कोण? मदतीसाठी लागणारे धान्य किंवा पैसा कुठून येतो? आणि भाव वाढले तर मदतही आपोआप वाढते का? हे तीन प्रश्न लक्षात ठेवून आता कलकत्त्याकडे जाऊ.

२. १९४२-४३: रेषेच्या आतले आणि बाहेरचे

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे बंद झाले. जपानी सैन्य किनाऱ्यावर उतरले तर त्याच्या हाती साधने पडू नयेत, म्हणून सरकारने बंगालच्या किनारी भागातून तांदूळ हलवला आणि हजारो होड्या ताब्यात घेतल्या किंवा निकामी केल्या. ज्या प्रदेशात रस्त्यांपेक्षा नद्या-खाड्या जास्त, तिथे होडी गेली म्हणजे मासेमाराचा धंदा गेला आणि धान्याची वाहतूकही गेली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर मोठे चक्रीवादळ आदळले. भातावर रोगही पडला. दुसरीकडे कलकत्ता हे युद्धाचे मोठे केंद्र बनले होते. सैन्य, ज्यूटच्या गिरण्या, दारूगोळ्याचे कारखाने, बंदर यांवर सरकार पाण्यासारखा पैसा खर्च करत होते. हा पैसा बाजारात आला आणि भाव चढू लागले.

कलकत्त्यात तांदळाचा घाऊक भाव डिसेंबर १९४२ च्या सुरुवातीला मणाला १३ ते १४ रुपये होता. (एक मण म्हणजे सुमारे ३७ किलो.) मार्च १९४३ मध्ये तो २१ रुपये झाला, मे महिन्यात ३० च्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये ३७ रुपयांवर पोहोचला. नऊ महिन्यांत भाव जवळजवळ तिप्पट झाला. शेतमजुराची मजुरी त्या मानाने फारच थोडी वाढली.

सरकारने काय केले? कामगार गाव सोडून पळाले तर युद्धसामग्रीचे उत्पादन थांबेल, ही सरकारची मोठी चिंता होती. म्हणून ‘प्राधान्य वर्ग’ ठरवण्यात आले: सरकारी नोकर, रेल्वे, बंदर, कारखाने, गिरण्या. बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सने ऑगस्ट १९४२ मध्ये अन्नधान्य योजना सुरू केली आणि मोठ्या कंपन्यांतील कामगारांना मालकांच्या दुकानांतून स्वस्तात धान्य मिळू लागले. लाखो कामगार आणि त्यांची कुटुंबे या संरक्षणाखाली आली. २० डिसेंबर १९४२ पासून शहरावर बॉम्ब पडू लागले, तेव्हा महिन्याच्या अखेरीस सरकारने व्यापाऱ्यांचे साठेही ताब्यात घेतले.

आता आपला दुसरा प्रश्न विचारू. हे धान्य आले कुठून? ते बंगालच्या खेड्यांतूनच आले. कलकत्त्यासाठी सरकार, कंपन्या आणि व्यापारी खेड्यांत जाऊन मिळेल त्या भावाने तांदूळ विकत घेत होते. शहरातल्या कामगाराला तो स्वस्त पडत होता, कारण फरक मालक आणि सरकार भरत होते. खेड्यातल्या भूमिहीन मजुराला मात्र त्याच वाढलेल्या भावाने बाजारात उभे राहावे लागत होते. मार्च १९४३ मध्ये प्रांतिक सरकारने तांदळावरील भावबंदीही उठवली. जून १९४३ मध्ये नागरी पुरवठामंत्री हुसेन शहीद सुऱ्हावर्दी यांनी लपवलेले साठे शोधण्याची मोहीम काढली, पण सुरुवातीला तीतून कलकत्ता आणि हावडा वगळण्यात आले.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात याच मुद्द्यावर बोट ठेवले. त्यांच्या मते १९४३ मध्ये बंगालमधले एकूण धान्य इतके कमी नव्हते की त्यामुळेच एवढी माणसे मरावीत. समाजातल्या काही गटांची धान्य विकत घेण्याची ताकद कोसळली, हे मुख्य कारण होते. काही अभ्यासकांना हे पूर्ण मान्य नाही. वादळ आणि पिकावरील रोग यांमुळे प्रत्यक्ष तुटवडा मोठा होता, असे ते म्हणतात. पण कलकत्त्याला मिळालेल्या संरक्षणाचा भार खेड्यांवर पडला, हे निरीक्षण दोन्ही बाजूंचे लेखन वाचताना महत्त्वाचेच ठरते.

१९४३ च्या पावसाळ्यात खेड्यांतली माणसे चालत कलकत्त्यात येऊ लागली. भात मागणे केव्हाच संपले होते; ती दारोदार भाताची पेज मागत होती. तिला बंगालीत ‘फॅन’ म्हणतात, आणि ‘फॅन दाओ’ ही हाक त्या पिढीच्या कानांत कायमची राहिली. शहरात लंगर उघडले गेले. पण ऑक्टोबर १९४३ मध्ये सरकारने निराधारांना शहराबाहेर हलवण्यासाठी अध्यादेशही काढला. मदतीची रेषा शहराच्या हद्दीवर आखलेली होती आणि जे चालत ती ओलांडून आत आले, त्यांना उचलून पुन्हा बाहेर नेले गेले.

जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. नंतरचे अंदाज याहून मोठे आहेत. सेन यांचा अंदाज सुमारे ३० लाखांचा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने दुष्काळानंतर बंगालच्या खेड्यांत नमुना पाहणी केली. सर्वांत जास्त फटका शेतमजूर, मासेमार आणि गावातले कारागीर यांना बसला होता. कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नसलेल्या, निर्देशांकाशी जोडलेला पगार नसलेल्या माणसांचा हा गट होता.

३. शिधावाटप: मुंबईत लवकर, कलकत्त्यात उशिरा

मुंबई इलाखाही धान्याच्या बाबतीत तुटीचाच होता. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाल्याची झळ मुंबईलाही बसली. पण मुंबई शहरात मे १९४३ मध्येच शिधावाटप सुरू झाले. कलकत्त्यात ते त्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी आले. चौकशी आयोगाने ही तुलना मुद्दाम नोंदवली आहे.

उशीर का झाला? एक कारण दुकानांचे होते. धान्य सरकारी दुकानांतून द्यायचे की नेहमीच्या वाण्याला परवाना देऊन त्याच्याकडून वाटायचे, यावर प्रांतिक सरकार आणि केंद्र सरकार यांच्यात बराच काळ वाद चालला. बंगाल सरकारचा भर सरकारी दुकानांवर होता. केंद्राचे म्हणणे होते की चालू दुकानांचा उपयोग करा, म्हणजे काम लवकर सुरू होईल. दुकानांत नोकरभरती कोणत्या समाजातून किती करायची, याचाही घोळ झाला. तोवर खेड्यांत माणसे मरत होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉय झालेले लॉर्ड वेव्हेल लगेच कलकत्त्याला आले. त्यांनी मदतीसाठी सैन्य कामाला लावले आणि शिधावाटपाचा आग्रह धरला.

एक तांत्रिक मुद्दा येथे नीट समजून घ्या. शिधावाटपाचे दोन अर्थ असतात. पहिला, प्रत्येकाला किमान धान्य मिळेल याची हमी. दुसरा, कुणालाही ठरल्यापेक्षा जास्त मिळणार नाही हे बंधन. पूर्ण शिधावाटपात दोन्ही असतात: खुल्या बाजारातली विक्री बंद, आणि श्रीमंतालाही त्याच रांगेतून तेवढाच तांदूळ. श्रीमंताची मागणी बाजारातून बाजूला झाली की भावावरचा ताण कमी होतो. १९४२ च्या मालकांच्या दुकानांत पहिला भाग होता, दुसरा नव्हता. स्वस्त धान्य मिळणारा कामगार सुरक्षित झाला, पण बाजारातली मागणी कमी झाली नाही. १९४४ च्या व्यवस्थेत पुरवठ्याची जबाबदारी केंद्राने घेतली आणि कलकत्त्यासाठी बंगालबाहेरून धान्य येऊ लागले. त्यामुळे शहराच्या पोटाचा भार खेड्यांवरून काहीसा उतरला. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलले, आणि त्याबरोबर परिणामही बदलला.

४. १९४७ ते १९५९: नियंत्रण उठते, पुन्हा येते

स्वातंत्र्यानंतर नियंत्रणे नकोत, असे मत जोर धरू लागले. काळा बाजार आणि अधिकाऱ्यांची मनमानी यांना लोक कंटाळले होते. स्वतः गांधीजी नियंत्रणे उठवण्याच्या बाजूचे होते. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे सैल झाली, भाव भडकले आणि १९४८ मध्ये ती परत आणावी लागली. पुढे केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांच्या काळात पिके चांगली आली आणि १९५४ पर्यंत शिधावाटप जवळजवळ संपुष्टात आले.

कलकत्ता मात्र आता वेगळे शहर झाले होते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित येऊन राहिले होते. ज्यूटच्या गिरण्या भारतात आणि ज्यूटची बरीचशी शेती पाकिस्तानात, अशी विभागणी झाली होती. पश्चिम बंगालमधल्या शेतकऱ्यांनी ज्यूट जास्त लावावे असे प्रयत्न झाले, आणि जेवढी जमीन ज्यूटखाली गेली तेवढी भाताला कमी पडली. अशा शहरात एका पैशाची वाढही मोठी ठरते. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश मालकीच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एक पैशाने वाढवले, तेव्हा शहरभर आंदोलन पेटले आणि ती वाढ स्थगित करावी लागली. राहणीखर्च म्हणजे केवळ धान्य नव्हे, कामावर जाण्यायेण्याचा खर्चही त्यात येतो, हे या आंदोलनाने दाखवले.

१९५९ मध्ये तांदळाचे भाव पुन्हा चढले. डाव्या पक्षांनी भाववाढ आणि दुष्काळ प्रतिकार समिती स्थापन केली. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी खेड्यापाड्यांतून आलेले हजारो लोक कलकत्त्याच्या मैदानात जमले. मागणी साधी होती: परवडेल अशा भावात धान्य द्या. मोर्चावर पोलिसांनी लाठीमार केला आणि पुढचे काही दिवस शहरात व उपनगरांत गोळीबारही झाला. आंदोलनात ८० जण मेले असे डाव्या पक्षांनी सांगितले. सरकारी आकडा त्याहून कमी होता. मुख्यमंत्री होते डॉ. बिधानचंद्र रॉय आणि अन्नमंत्री प्रफुल्लचंद्र सेन.

१९४३ आणि १९५९ यांची तुलना करून पाहा. दोन्ही वेळा खेड्यांतली माणसे चालत कलकत्त्यात आली. पहिल्या वेळी ती पेज मागत आली, दुसऱ्या वेळी मागणीचे फलक घेऊन आली. मधल्या काळात प्रौढ मताधिकार आला होता. मदत ही दया म्हणून मागण्याची गोष्ट नसून सरकारकडून मागण्याचा हक्क आहे, ही समज या सोळा वर्षांत घडली.

५. १९६५-६७: गहू, लेव्ही आणि निवडणूक

१९६५ मध्ये कलकत्ता आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात कायदेशीर शिधावाटप पुन्हा आले. प्रफुल्लचंद्र सेन आता मुख्यमंत्री होते. शहराभोवती जणू कडे घालण्यात आले. बाहेरून तांदूळ आणून विकणे गुन्हा ठरला. खेड्यांतून गिरण्यांकडून लेव्ही म्हणून ठरलेल्या भावाने तांदूळ घेऊन तो शहराला पुरवायचा, अशी योजना होती. याच वर्षी भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग या दोन संस्था केंद्राने स्थापन केल्या. सरकारने शेतकऱ्याकडून आधी जाहीर केलेल्या भावाने घ्यायचे, साठवायचे आणि रास्त भाव दुकानांतून द्यायचे, ही आजची साखळी तेव्हा आकाराला आली.

पण १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे देशभर अवर्षणाची गेली. १९६६ मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले, त्यात अमेरिकेहून पी.एल. ४८० कराराखाली आलेला गहू मोठा होता. रेशनच्या दुकानात तांदूळ कमी आणि गहू जास्त मिळू लागला. दोन्ही वेळा भात खाणाऱ्या कलकत्त्यातल्या घरांत रात्रीच्या जेवणाला पोळी आली ती बरीचशी या काळात. सरकारी मदत घराच्या चुलीपर्यंत पोहोचते आणि चवही बदलते, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तांदळाऐवजी कच्ची केळी खा, या अर्थाचा मुख्यमंत्र्यांचा सल्ला लोकांनी वर्षानुवर्षे उपहासाने सांगितला.

कड्याच्या आत तांदूळ कमी आणि बाहेर स्वस्त, म्हणून चोरटी वाहतूक सुरू झाली. लोकल गाड्यांतून पिशव्या-गाठोडी लपवून तांदूळ आणणाऱ्या गरीब बायका हे त्या काळातले रोजचे दृश्य होते. कायद्याच्या भाषेत त्या गुन्हेगार होत्या. प्रत्यक्षात अनेकींचे घर त्या दोन-चार किलोंवर चालत होते.

फेब्रुवारी १९६६ मध्ये बशीरहाट भागात तांदूळ आणि रॉकेलसाठी आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात नुरुल इस्लाम हा शाळकरी मुलगा मारला गेला आणि आंदोलन राज्यभर पसरले. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसची सत्ता गेली. आरामबागमध्ये खुद्द प्रफुल्लचंद्र सेन यांचा अजय मुखर्जी यांनी पराभव केला आणि मुखर्जी संयुक्त आघाडीचे मुख्यमंत्री झाले.

मुंबईत हाच प्रश्न काही वर्षांनी वेगळ्या रूपात पुढे आला. १९७२ पासून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर नेत्यांनी बायकांचे मोर्चे काढले. हातात लाटणे आणि थाळ्या. तेल, साखर, रवा, रॉकेल रास्त भावात मिळावे ही मागणी. त्याच दुष्काळात महाराष्ट्राच्या खेड्यांत सरकारने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढली, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला पुढे १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. शहरासाठी रास्त भावाचे धान्य आणि खेड्यासाठी काम, अशी दुहेरी मदत त्या वेळी झाली. १९४३ मध्ये बंगालच्या भूमिहीन मजुराला नेमकी हीच दुसरी बाजू मिळाली नव्हती.

६. सर्वांसाठी की गरिबांसाठी?

कोलकात्यात कायदेशीर शिधावाटपाचा विभाग आणि बाकीच्या राज्यातला सुधारित शिधावाटपाचा विभाग हा फरक पुढे अनेक दशके टिकला. या काळात देशभरातील शहरांत रेशनकार्ड बहुतेक सर्वांकडे असे. १९९७ मध्ये केंद्राने लक्ष्यित सार्वजनिक वितरण व्यवस्था आणली आणि कुटुंबांचे दारिद्र्यरेषेखालचे व वरचे असे दोन भाग केले. २००० नंतर वरच्या कुटुंबांसाठीचा भाव इतका वाढवला गेला की अनेकांनी रेशन घेणे सोडले.

याचा परिणाम २००७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये दिसला. बाजारात गव्हाचे भाव चढले आणि रेशनचा गहू पुन्हा स्वस्त वाटू लागला. लोक दुकानात परतले, तेव्हा धान्य नव्हते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बांकुडा, बीरभूम, बर्धमान या जिल्ह्यांत लोकांनी रेशन दुकानदारांना घेराव घातले, दुकाने फोडली. त्यांचा धान्य काळ्या बाजारात विकल्याचा आरोप होता. ज्यांना कागदावर गरीब धरलेले नसते, त्यांनाही महागाईत मदतीची गरज पडू शकते, हा यातला धडा आहे. दारिद्र्यरेषा पाहणीच्या वेळी आखली जाते. भाव मात्र रोज हलतात.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंतच्या लोकांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. तांदळाचा भाव किलोला ३ रुपये आणि गव्हाचा २ रुपये ठरला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. पश्चिम बंगालने २०१६ मध्ये ‘खाद्य साथी’ योजना आणून केंद्राच्या यादीबाहेरच्या अनेक कुटुंबांना राज्याच्या खर्चाने सामावून घेतले.

७. धान्य की रोख?

२०२१ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने ‘लक्ष्मीर भांडार’ ही योजना सुरू केली. २५ ते ६० वर्षे वयाच्या महिलांच्या खात्यात दरमहा रक्कम जमा होऊ लागली: सर्वसाधारण गटासाठी ५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १००० रुपये. एप्रिल २०२४ पासून ती अनुक्रमे १००० आणि १२०० रुपये झाली. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वर्षांच्या पात्र महिलांना दरमहा १५०० रुपये ठरले.

रोख रकमेचे फायदे उघड आहेत. पैसे थेट बाईच्या हाती येतात. औषध, शाळेची फी, गॅस, भाडे, जिथे अडले असेल तिथे ती ते वापरू शकते. दुकानदाराच्या वजनकाट्यावर अवलंबून राहावे लागत नाही. पण आता आपला तिसरा प्रश्न विचारा: भाव वाढले तर मदत वाढते का?

एक काल्पनिक गणित करू. पाच जणांच्या कुटुंबाला दरमहा २५ किलो तांदूळ लागतो आणि बाजारभाव किलोला ४० रुपये आहे. सरकारने १००० रुपये रोख दिले, तर बरोबर २५ किलो तांदूळ येतो. भाव ४५ रुपये झाला, की त्याच १००० रुपयांत सुमारे २२ किलो येतो. तीन किलोंची तूट कुटुंबाने सोसायची. हीच मदत २५ किलो धान्याच्या रूपात असती, तर भाव ४५ झाला काय आणि ६० झाला काय, ताटात फरक पडला नसता. वाढीव खर्च सरकारने सोसला असता. थोडक्यात, ठरावीक रोख रकमेत महागाईची जोखीम कुटुंबावर राहते आणि शिध्यात ती सरकारवर जाते. ज्यांचा महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडलेला आहे त्यांची रक्कम वर्षातून दोनदा तपासली जाते. या रोख योजनांची रक्कम मात्र सरकारच्या निर्णयाने वाढते, आणि असे निर्णय बहुतेक वेळा निवडणुकीच्या आसपास होतात.

८. समारोप

ऐंशी वर्षांत मदतीची रेषा कितीदा हलली ते पाहा. १९४२ मध्ये ती कारखान्याच्या हजेरीपटावर होती, १९४४ मध्ये शहराच्या हद्दीवर, १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेवर, २०१३ मध्ये लोकसंख्येच्या टक्केवारीवर आणि २०२१ मध्ये बाईच्या बँक खात्यावर. प्रत्येक वेळी रेषा आखणाऱ्यांकडे काही कारण होते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बाहेर राहिले.

आज सर्वांत जास्त बाहेर राहण्याची भीती असते ती स्थलांतरित कुटुंबाला: कार्ड गावी आणि काम शहरात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ‘एक देश, एक रेशनकार्ड’ लागू करण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. मुर्शिदाबादहून मुंबईत बांधकामावर आलेल्या मजुराने येथल्या दुकानात आपले धान्य घ्यावे, ही त्यामागची अपेक्षा आहे. १९४३ मध्ये हद्द ओलांडून आलेल्याला परत हाकलणाऱ्या व्यवस्थेपासून इथवर यायला मोठा काळ लागला. ती व्यवस्था प्रत्यक्ष दुकानात चालते की नाही, हे तपासणे आपल्या पिढीचे काम आहे.

स्वाध्याय

१) कलकत्त्यातील कामगारांना १९४२-४३ मध्ये मिळालेल्या स्वस्त धान्याचा बंगालच्या खेड्यांतील भावांवर काय परिणाम झाला असेल? मागणी-पुरवठ्याच्या आधारे स्पष्ट करा.
२) हमी आणि बंधन हे शिधावाटपाचे दोन भाग स्वतःच्या शब्दांत समजावून सांगा.
३) आपल्या घरातील गेल्या महिन्याच्या खर्चाची यादी करा. त्यातल्या कोणत्या बाबींवर सरकारी मदत मिळते? तीन प्रश्नांच्या कसोटीवर ती मदत तपासा.
४) आपल्या भागातील रेशन दुकानात परराज्यातील कार्डधारकाला धान्य मिळते का, याची चौकशी करून अर्ध्या पानाची टीप लिहा.